येवल्याचं रंगपाणी लॅबमध्ये येण्याआधी

येवल्याहून पैठणीच्या रंगाईचं पाणी उद्या नाशिकला आणून कार्बन त्यातला रंग किती धरतो हे मोजायचं असेल, तर कार्बन आजच धुवायला घ्या. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (बारीक छिद्रांचा कोळसा) पिशवीतून काढून थेट तोलू नका. वरचं पाणी नितळ होईस्तोवर डिस्टिल्ड वॉटरने धुवा, रात्रभर १०५ अंशांवर वाळवा आणि डेसिकेटरमध्येच (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार करा. पावसाळ्यात उघडा राहिला तर ओल धरतो, मग तुम्ही कार्बनबरोबर पाणीही तोलता.

बाटल्या घेऊन निघालात की रंगाऱ्याला आधी विचारा: रंग कुठला, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड किती, आणि रेशमाचा डिंक काढलेलं साबणपाणी यातच सोडता का? हा शेवटचा प्रश्न विसरूच नका. डिंक आणि साबण कार्बनवरची जागा आधीच अडवतात. दर घाण्याला रंग बदलतो, त्यामुळे एका बाटलीवर विसंबू नका; लेबलवर वेळही लिहा.

खरी मेख पुढे आहे. फ्लास्कमधला रंग उतरला म्हणजे तो कार्बननेच घेतला असं नाही. थोडा काचेला लागतो, थोडा फिल्टर पेपर पितो. म्हणून कार्बन न घातलेला एक फ्लास्क शेकरवर (फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर) सोबत फिरवाच. जमलं तर गाळण्याऐवजी सेंट्रिफ्यूज (जोरात फिरवून कार्बन तळाला बसवणारं यंत्र) वापरा. गाळायचंच असेल तर पहिले काही मिली टाकून द्या. उलटीही गंमत होते: कार्बनची बारीक भुकटी क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक भांड्यात) राहिली की प्रकाश अडतो आणि रंग शिल्लक असल्यासारखा दिसतो.

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (रंग किती प्रकाश अडवतो हे मोजणाऱ्या यंत्रावर) ६६४ नॅनोमीटर तरंगलांबी लावून मोकळे होऊ नका, तो आकडा मिथिलीन ब्ल्यू या दुसऱ्या रंगाचा. आपला रंग कुठल्या तरंगलांबीला सर्वाधिक प्रकाश अडवतो याचं स्कॅन घ्या, शोषणांक (अडलेल्या प्रकाशाचं माप) १ च्या आत येईल इतकं पातळ करा. रेशमाचे अ‍ॅसिड रंग ऋणभारी, ते सहसा कमी पीएचला कार्बनवर चांगले चिकटतात. म्हणून पीएच मीटर बफरने (ठरावीक पीएचच्या द्रावणाने) जुळवून ठेवा. नारळाच्या करवंटीचा कार्बन सहज मिळतो, पण त्याची छिद्रं फार बारीक. मोठ्या रेणूंच्या रंगासाठी लाकडाचाही थोडा मागवा. आयोडीन नंबर (कार्बन किती आयोडीन धरतो तो आकडा) बघून भुलू नका, तो लहान रेणूंचा हिशेब. नमुने काढायच्या वेळा ५, १०, २०, ३०, ६०, १२० मिनिटं पुरेत.

वापरलेल्या कार्बनसाठी झाकणाचा डबाही आधीच आणा. रंग नष्ट होत नाही, नुसता कार्बनवर बसतो. वापरलेला कार्बन सिंकमध्ये गेला, तर रंगही सोबत गेला.