अ‍ॅपॉप्टोसिसचे बाण पाठ करू नका, कोण कुणाला धरून बसलंय ते बघा

सांगली-साताऱ्याकडच्या एमएस्सीच्या पोरांना बघतो, अ‍ॅपॉप्टोसिस (पेशीचं ठरवून मरणं) म्हटलं की बाणांची ती भलीमोठी आकृती घोकत बसतात आणि पेपरात एक बाण उलटा पडला की पुढचं सगळं गंडतं. विद्यापीठाचा पेपर असो नायतर नेट, आधी बाण काढायचेच नाहीत, कोण कुणाला धरतं एवढंच लिहायचं.

यातल्या प्रोटीनचे तीन गट करा. पेशी जगवणारे बीसीएल-२, बीसीएल-एक्सएल, एमसीएल-१. मारणारे बॅक्स आणि बॅक, हे मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतात. आणि तिसरे बीएच३-ओन्ली, म्हणजे बिम, पुमा, बिड, बॅड, नॉक्सा, पेशीचं काही बिघडलं की हे जागे होतात (डीएनए तुटला की पी५३ पुमा आणि नॉक्सा वाढवतो, हे विचारतातच).

आता खरा मुद्दा. जगवणाऱ्या प्रोटीनला एक खाच असते आणि समोरच्याचा बीएच३ नावाचा तुकडा तिच्यात बसतो. कुंडलच्या मैदानात पैलवानाच्या एका पकडीत एकच गडी मावतो ना, तसंच, खाचेत बिम शिरला की आधी धरलेला बॅक्स सुटतो. मग तक्ता करा: बिम आणि पुमा सगळ्यांच्याच खाचेत बसतात, बॅड बीसीएल-२ आणि बीसीएल-एक्सएलला धरतो पण एमसीएल-१ ला नाही, नॉक्सा मुख्यतः एमसीएल-१ लाच. बिम आणि कापलेला बिड तर बॅक्सला थेट चेतवतात पण. बिडला कापतो कॅस्पेज-८ (कॅस्पेज म्हणजे प्रोटीन कापणारी एन्झाइम), म्हणजे बाहेरून रिसेप्टरवर आलेला सिग्नल इथं येऊन मिळतो.

पुढचं सोपंय. भोकातून सायटोक्रोम सी हे प्रोटीन बाहेर, तो अ‍ॅपाफ-१ या प्रोटीनला चिकटतो, सात अ‍ॅपाफ-१ चं चाक जुळतं, त्यावर कॅस्पेज-९ चालू होतो आणि तो कॅस्पेज-३ ला कापतो. मधे एक्सआयएपी नावाचं प्रोटीन या कॅस्पेजना अडवून धरतं, त्याला बाजूला करायला त्याच भोकातून स्मॅक हे प्रोटीन येतं.

लॅबमध्ये को-आयपी (एक प्रोटीन अँटिबॉडीनं ओढून त्याला कोण चिकटलंय ते बघणं) करणार असाल तर डिटर्जंट सांभाळून निवडा. ट्रायटन एक्स-१०० किंवा एनपी-४० घातलं की बॅक्स पेशीत नव्हत्याच अशा खोट्या जोड्या जमवतो आणि तुम्ही खुशीत बँड दाखवत फिरता, त्यापेक्षा चॅप्स बरं. नुसत्या वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन किती आहे ते दाखवणारी चाचणी) जगवणारं प्रोटीन जास्त दिसलं म्हणून पेशी जगणार असं पण लिहू नका, ते कुणाच्या खाचेत अडकलंय ते कळल्याशिवाय काहीच ठरत नाही.

तक्ता जमला का बघायचं तर व्हेनेटोक्लॅक्स घ्या, २०१६ ला अमेरिकेत ल्युकेमियासाठी मंजूर झालेलं औषध, बीएच३ ची नक्कल करून बीसीएल-२ ची खाच अडवतं. मग सांगा बरं, ज्या कॅन्सर पेशीत एमसीएल-१ भरपूर आहे तिथं ते का कमी पडतं? कारण सुटलेल्या बिमला एमसीएल-१ परत धरतो.