पिशवी हलकी, बेगमी उंचावर

कृष्णेचा पूर आणि पाटण-जावळीची दरड यांची तयारी एकाच यादीतून होत नाही. सांगलीत पाणी चढताना दिसतं. आयर्विन पुलाजवळ पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्याही वर गेली होती. पण आकडा फुटाफुटानं वाढत असल्यानं सामान वर चढवायला वेळ मिळतो. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खाली आला, तेव्हा आवराआवरीला उसंतच नव्हती.

म्हणून तयारीचे दोन भाग करा आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका. खांद्याला अडकवून बाहेर पडायचं ती पिशवी. घरात वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावर राहते ती बेगमी. बेगमीतला तांदूळ पिशवीत आला की पिशवी उचलत नाही, आणि न उचलणारी पिशवी ऐनवेळी दारातच राहते.

पिशवीचं वजन

धडधाकट माणसाची पिशवी साडेसहा किलोच्या आत ठेवा, म्हाताऱ्या माणसाची तीन किलोच्या. कमरेएवढ्या पाण्यातून चालताना एका हातात काठी असते, दुसऱ्या हातात पोर किंवा आजीचा हात. त्यामुळे हातात धरायची बॅग नको, दोन पट्ट्यांची पाठीवरची २५-३० लिटरची सॅक हवी.

साडेसहा किलोचा हिशेब असा बसतो: पाणी एक किलो, कोरडं खाणं एक किलो, कपडे एक किलो, ताडपत्री दीड किलो, दोरी साधारण अर्धा किलो, पातळ फ्लीसची शाल अर्धा किलो, बॅटरी आणि पॉवर बँक मिळून ४०० ग्रॅम, औषधं ३०० ग्रॅम, कागदपत्रं २०० ग्रॅम. ताडपत्री आणि दोरी घरटी एकच लागते, त्यामुळे बाकीच्यांच्या पिशव्या साडेचार किलोंत बसतात. भरून झाल्यावर काट्यावर टाका. अंदाजानं भरलेली पिशवी हमखास दोन-तीन किलो जास्त भरते, आणि ते वजन बहुधा कपड्यांचं असतं. जीन्स काढून टाका. ती भिजली की जड होते आणि पावसात दोन दिवस वाळत नाही. नायलॉनची ट्रॅकपँट, दोन टी-शर्ट, दोन मोजे पुरतात. घोंगडं भिजलं तरी ऊब देतं हे खरं, पण त्याची जागा घरात. पिशवीत शालच बरी.

ताडपत्री घेताना जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम, ते विचारा. १२ बाय १५ फुटांची ९० जीएसएमची दीड किलो भरते, तीच २५० जीएसएमची सव्वाचार किलो. हलकी चारेक पावसाळे टिकली नाही तरी चालेल. ती कडीला बांधू नका, वाऱ्यात आधी कडीच फाटते. कोपऱ्यापासून वीतभर आत एक गुळगुळीत गोटा ठेवून ताडपत्री त्याच्याभोवती आवळा आणि त्या गाठीला दोरी बांधा.

दोरी आठ मिलिमीटरची, १५ मीटर, पॉलिप्रॉपिलिनची घ्या, कारण ती तरंगते. नायलॉनची बुडते. मात्र वाहत्या पाण्यात दोरी कुणाच्याही कमरेला बांधू नका. पाय घसरला की दोरी ताणली जाते, वरून प्रवाह दाबतो आणि माणूस पाण्याखालीच धरला जातो. दोरी हातात धरायची, सोडता आली पाहिजे. वितभर वेगवान पाणीही माणसाला पाडू शकतं आणि फूटभर पाण्यात छोटी मोटार उचलली जाते, म्हणून पुलावरून पाणी जात असेल तर तिथं पाऊलच नको. साचलेल्या पाण्यातही आधी काठी, मग पाय. झाकण निघालेलं गटार आणि कठडा नसलेली विहीर वरून दिसत नाही. चप्पल चिखलात रुतून निघते, नाडीचे कॅनव्हासचे बूट घाला.

बोट आली तर बसण्याआधी पिशवीचे पट्टे खांद्यावरून काढा आणि पिशवी मांडीवर घ्या. ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ मध्ये बोट उलटून माणसं गेली. पट्टे अडकलेल्या माणसाला पोहता येत नाही. बोट भरली असेल तर पुढच्या फेरीला थांबा. पोहायला शिकताना वापरतात तसा झाकण घट्ट बसणारा दहा लिटरचा रिकामा कॅन साधारण दहा किलोचा तरंगता आधार देतो. तो पाठीला नव्हे, छातीशी धरायचा. पाठीला बांधला तर माणूस पालथा होऊन तोंड पाण्यात जातं. हा आधार अडचणीपुरता, त्याच्या भरवशावर पात्र ओलांडायला निघू नये.

पिशवी पाण्यापासून वाचवायला सॅकच्या आत जाड कचऱ्याच्या दोन पिशव्या, एकात एक. वरचं तोंड पिळून दुमडा आणि रबर लावा. युरियाच्या पोत्यातली आतली पिशवी जाड असते, पण ती खाण्याच्या वस्तूंना वापरू नये. खात्री करायची तर आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवून पूर्ण पिशवी दहा मिनिटं पाण्याच्या पिंपात दाबून धरा. कागद ओला झाला तर बहुतेक वेळा तोंडाच्या घडीतूनच पाणी गेलेलं असतं.

पाणी

पुरात सगळ्यात आधी पिण्याचं पाणी संपतं. नळयोजनेचे पंप बुडतात, वीज जाते, विहिरीत गटाराचं पाणी शिरतं. माणशी रोज तीन लिटर पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी धरा. चार माणसं, १५ दिवस म्हणजे १८० लिटर, म्हणजे झाकणाचं २०० लिटरचं एक पिंप. ते भरल्यावर दोनशे किलो होतं, म्हणून जुन्या लाकडी माळ्यावर नको, स्लॅबवर भिंतीलगत ठेवा.

ताडपत्रीवर पावसाचं पाणीही धरता येतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर. १२ बाय १५ फुटांची ताडपत्री पावणेसतरा चौरस मीटर भरते, दहा मिलिमीटरच्या सरीत सांडलवंड वजा जाऊन सव्वाशे लिटर मिळू शकतं. पहिल्या दहा मिनिटांचं पाणी सोडून द्या. कोयनेच्या खोऱ्यात, कांदाटीकडं, ही सोय उत्तम. सांगली-मिरजेत मात्र तिच्यावर विसंबू नका. इथला पूर महाबळेश्वर-कोयनेच्या पावसावर येतो, शहरात त्या दिवशी नुसती भुरभुर असू शकते.

शंकेचं पाणी शुद्ध करताना क्रम चुकवू नका. आधी गाळ, मग क्लोरीन. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडतो आणि जंतू शिल्लक राहतात. बादलीत तुरटीचा खडा थोडे फेरे फिरवा, तासभर किंवा जास्त वेळ निवळू द्या, वरचं पाणी दुपदरी धोतराच्या फडक्यातून गाळा. मग क्लोरीनची गोळी. गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात, एक गोळी किती लिटरला ते पाकिटावर वाचूनच टाका. अर्धा तास थांबा. पाण्याला क्लोरीनचा किंचित वास यायला हवा. येत नसेल तर तेवढीच मात्रा पुन्हा टाकून पुन्हा अर्धा तास. इंधन असेल तर गाळलेलं पाणी खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळलं तरी पुरे. फवारणीची औषधं किंवा डिझेल मिसळलेलं पाणी मात्र उकळून किंवा क्लोरीननं सुधारत नाही. त्याला वास किंवा तवंग असेल तर सोडून द्या.

जुलाब लागले तर ओआरएसचं पाकीट लिटरभर शुद्ध पाण्यात. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून चिमटीच्या अंदाजानं करू नका.

खाणं आणि चूल

पिशवीतलं खाणं न शिजवता खाता आलं पाहिजे. भाजलेले शेंगदाणे २०० ग्रॅम आणि गूळ १०० ग्रॅम यांत साधारण १,५०० कॅलरी मिळतात. तीन दिवसांचं खाणं एका किलोत बसतं. भडंग चविष्ट आणि हलकं, पण जागा फार खातं, ते वरच्या खिशात थोडंसं मुलांसाठी. सातूचं पीठ नुसत्या पाण्यात कालवून होतं, पण ते शुद्ध पाणी मागतं. पावसाळी हवेत भाजलेले दाणे लवकर खवट होतात, त्यामुळे दर तीन आठवड्यांनी खाऊन नवे भरा.

घरच्या बेगमीत बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट चुकते: धान्य भरपूर असतं आणि वीज नसल्यानं गिरणी बंद. ज्वारीचं पीठ आधीच दळून ठेवावं तर पावसाळ्यात ते थोड्याच आठवड्यांत कडवटतं. म्हणून पुराच्या बेगमीत तांदूळ आणि पोहे हाच कणा ठेवा. ज्वारी असेल तर रात्रभर भिजवून कुकरात घुगऱ्या करता येतात. चार माणसांना १५ दिवसांसाठी तांदूळ, पोहे आणि ज्वारी मिळून २४ किलो, तूरडाळ-मूगडाळ साडेचार किलो, तेल दोन लिटर, गूळ तीन किलो, शेंगदाणे तीन किलो, मीठ किलोभर. डाळीत मूग जास्त घ्या, ती लवकर शिजते.

पाच किलोचा छोटा सिलिंडर कुकर वापरून दोन वेळच्या स्वयंपाकाला बारा-तेरा दिवस जातो. अर्धा रिकामा सिलिंडर पुरात तरंगतो आणि भिंतींवर आपटतो, तो दोरीनं बांधा. दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका, तिचा वायू वास न येता मारतो.

औषधं, उजेड, कागद

बीपी-शुगरच्या गोळ्या पिशवीत १५ दिवसांच्या, गोळ्यांच्या पाकिटावर नाव आणि वेळ लिहून. वापरात असलेलं इन्सुलिन फ्रिजविना साधारण चार आठवडे टिकतं, उन्हापासून दूर, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात. थेट बर्फावर ठेवलं तर गोठून निकामी होतं. सॅनिटरी पॅड आणि तान्ह्याची दुधाची पावडर ही पिशवीतलीच वस्तू.

पायाला जखम असताना पुराच्या पाण्यातून चाललात तर लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, धोका असतो, आरोग्य केंद्रात सांगा. प्रतिबंधक गोळी डॉक्टर ठरवतील. पुरात घोणस, मण्यार, नाग माळ्यावर आणि पोत्यांत येतात. चावल्यास जखम कापू नका, घट्ट आवळू नका, तो अवयव हलू न देता १०८ ला फोन करून लस असलेल्या दवाखान्यात न्या.

उजेडासाठी डोक्याला लावायची बॅटरी. सेल आत न ठेवता वेगळे ठेवा, नाहीतर गळून बॅटरी खराब होते. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेतून फोनला प्रत्यक्षात सहा हजारांच्या आसपासच मिळतं, म्हणजे एखादा चार्ज आणि थोडं वर. फोन विमान मोडवर ठेवून ठरलेल्या वेळी उघडा. कॉल लागत नसेल तेव्हा एसएमएस बहुतेकदा जातो. मदतीला ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७.

आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा, विमा यांच्या प्रती झिपच्या पिशवीत. पावसाळ्याआधी घराचे, गोठ्याचे आणि जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे फोटो काढून ठेवा, पंचनाम्याच्या वेळी तेच कामाला येतात.

निघताना

आपल्या घराला आयर्विनच्या कितव्या फुटाला पाणी लागतं ते मागच्या पुराच्या खुणेवरून काढा आणि दारामागे लिहून ठेवा. त्याच्या पाच फूट आधी सामान वर, तीन फूट आधी म्हातारी माणसं आणि जनावरं बाहेर. डोंगराकडच्या गावांत आकडा नसतो, खुणा असतात: अंगणात किंवा उतारावर नवी भेग, कललेले खांब-झाडं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा आटणं. यातलं एक जरी दिसलं तरी त्या रात्री घरात झोपू नये, आणि अशा घरात पिशवी कायम दाराशी, बुटांच्या शेजारी.

पाणी बोर्डापर्यंत यायच्या आत मेन स्विच बंद, रेग्युलेटर बंद. गोठ्यात जनावरं हलवता आली नाहीत तर दावं सोडा. मोकळी म्हैस पोहून उंचवटा गाठू शकते, बांधलेली खुंट्यापाशीच बुडते. ओल्या दाव्याची गाठ सुटत नाही, म्हणून एक धारदार कोयता गोठ्याच्या आढ्याला, हात पोचेल अशा उंचीवर, कायम अडकवलेला असू द्या.