मेल येते, पण जात नाही: थंडरबर्डची दुरुस्ती

रत्नागिरीतल्या आंबा पेढीचा डेस्कटॉप, त्यावर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम. ऐन मे महिन्यात मुंबईची बिलं आउटबॉक्समध्येच अडकलेली, येणारी मेल मात्र सुरळीत. लक्षण नीट वाचलं की अर्धं काम होतं. मेल येते ती आयमॅप या पद्धतीने, जाते एसएमटीपी या पद्धतीने. दोन्हींचे सर्व्हर आणि पोर्ट (म्हणजे सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक) वेगळे. त्यामुळे येणारी बाजू चालू असेल तर तिला अजिबात हात लावू नका.

आधी मोबाईलचा हॉटस्पॉट जोडून पाठवून पाहिलं. लगेच गेली! म्हणजे दोष ब्रॉडबँडच्या वाटेत. अकाउंट सेटिंग्जमध्ये तळाशी ‘आउटगोइंग सर्व्हर’ उघडला, तर पोर्ट २५. स्पॅम रोखायला बरेच इंटरनेटवाले हे पोर्ट बंद ठेवतात, आणि ते योग्यच आहे. तिथे ५८७ घातलं, सुरक्षा, म्हणजे मेल कुलूपबंद करून पाठवायची पद्धत, ‘स्टार्ट-टीएलएस’ केली. ४६५ वापरायचं असेल तर ‘एसएसएल/टीएलएस’ निवडा. या जोड्यांची अदलाबदल झाली की प्रोग्राम नुसता थांबून राहतो आणि शेवटी ‘टाइम आउट’ म्हणतो, किंवा लगेच जोडणीची चूक दाखवतो.

हॉटस्पॉटवरही अडत असेल तर पासवर्ड बघा. जीमेलला इथे नेहमीचा पासवर्ड चालत नाही. ‘ओऑथ-२’ (गूगलच्या पानावर लॉगिन करून परवानगी देणं) निवडा, किंवा गूगल खात्यात टू-स्टेप, म्हणजे दोन टप्प्यांची पडताळणी, चालू करून या प्रोग्रामपुरता वेगळा १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्या.

येणंजाणं दोन्ही बंद आणि सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राची, तक्रार? संगणकाचं घड्याळ तपासा; तारीख चुकली की ओळखपत्राची मुदत जुळत नाही. वीज गेल्यावर दर वेळी तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल बदला. खाऱ्या हवेने त्याच्या पत्तीवर हिरवट थर चढतो, तोही पुसून घ्या.