शहरातल्या नदीवर कयाकिंगला जाताय? या चुका टाळा

माझ्या डाव्या घोट्यावर सँडलच्या पट्ट्याने एक फोड आला होता, डाळीच्या दाण्याएवढा, आणि कयाक पाण्यात ढकलताना मी त्याच पायाने गुडघाभर गाळात उभी होते. एवढंच झालं. दहाव्या दिवशी थंडी वाजून ताप, डोकं फुटेल असं दुखणं, आणि पोटऱ्या एवढ्या दुखायला लागल्या की जिना उतरता येईना. मला वाटलं व्यायाम जास्त झाला. डॉक्टरांना ताप सांगितला, अंगदुखी सांगितली, नदीचं काही बोललेच नाही, कारण दहा दिवसांपूर्वीच्या रविवारचा आणि आजच्या तापाचा काही संबंध असेल असं डोक्यातच येत नाही. पुढे डोळे लाल झाले तेव्हा त्यांनीच विचारलं, घाण पाण्यात गेला होतात का? मग टेस्ट केली आणि लेप्टो निघाला, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. औषध वेळेत सुरू झालं म्हणून निभावलं, नाहीतर याच आजारात कावीळ होऊ शकते, किडन्या जाऊ शकतात.

म्हणून डॉक्टरांना नदीचं न सांगणं ही मी सगळ्यात मोठी चूक मानते. नदीतून आलेला आजार लगेच दिसत नाही ना. नोरोव्हायरस 12 ते 48 तासांत उलट्या सुरू करतो, क्रिप्टो (जुलाब लावणारा परजीवी) साधारण आठवड्याने, जिआर्डिया (तसाच दुसरा परजीवी) एक ते तीन आठवड्यांनी, लेप्टो 2 ते 30 दिवसांत कधीही, आणि हेपॅटायटिस ए म्हणजे ती कावीळ साधारण चार आठवड्यांनी, कधी कधी 50 दिवसांनीसुद्धा. एवढं लक्षात राहत नाही कोणाच्या, त्यामुळे पाण्यावर गेलात की फोनच्या कॅलेंडरमधे तारीख आणि जागा टाकून ठेवा, आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत ताप, जुलाब, कावीळ काहीही झालं तर डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या पहिलं तेच सांगा.

दुसरी चूक, पाणी बघून ठरवणं. "आज स्वच्छ दिसतंय", हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारं पाणीही नितळ दिसतं, वासही फारसा येत नाही, पण शेवटी निर्जंतुक केलेलं नसेल तर त्यात व्हायरस असतात. शेवटी भरवसा टेस्टवरच. अमेरिकेत पोहण्याच्या गोड्या पाण्यासाठी 100 मिलीमधे सरासरी 126 ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, ही मर्यादा धरतात. पण टेस्टची पण गंमत समजून घ्या, जंतू वाढवून मोजायला साधारण एक दिवस लागतो, म्हणजे आज तुम्ही वाचताय तो रिपोर्ट कालच्या पाण्याचा असतो, आणि मधे रात्री पाऊस पडला असेल तर तो रिपोर्ट गेला कामातून.

पाऊस हा खरा मुद्दा आहे आणि लोक नेमकं तेच विसरतात. बऱ्याच जुन्या शहरांमधे संडासाचं पाणी आणि पावसाचं पाणी एकाच पाइपातून जातं, जोराचा पाऊस झाला की पाइप भरतो आणि जादाचं सगळं मैल्यासकट सरळ नदीत सोडतात, तशी व्यवस्थाच असते ती. जिथे पाइप वेगळे आहेत तिथेही रस्त्यावरची घाण, कुत्र्यांची विष्ठा, उंदरांचं मूत, तेल हे सगळं वाहून येतंच, आणि बरेच दिवस कोरडे गेल्यावरचा पहिला पाऊस तर सगळ्यात वाईट. पॅरिसमधे सीन नदीत पोहायला 1923 पासून बंदी होती, ती नदी साफ करायला सुमारे 1.4 अब्ज युरो घातले, तरी 2024 च्या ऑलिम्पिकमधे पावसामुळे पुरुषांची ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं अशी शर्यत) 30 जुलैची 31 ला ढकलावी लागली. एवढं करून पाऊस ऐकत नाही. त्यामुळे जोराच्या पावसानंतर किमान 48 तास, जमलं तर 72 तास थांबा, आणि फक्त आपल्या डोक्यावरचं आभाळ बघू नका, वरच्या अंगाला पाऊस झाला असेल तर तो तुमच्याकडे नंतर येतो. खाडीजवळ असाल तर भरतीचं पण बघा, खाली गेलेली घाण भरती परत वर घेऊन येते.

"मी कुठे पोहतो, मी तर नुसती बोट चालवतो." शिकागोत 11,000 हून जास्त लोकांवर अभ्यास झाला, त्यात पाण्यावर गेलेले होते ते कयाक, बोट, मासेमारी असं करणारे, पोहणारे नाहीत, आणि तरी त्यांच्यात पोट बिघडण्याचं प्रमाण पाण्यावर न गेलेल्यांपेक्षा जास्त निघालं. कसं होतं ते बघायचंय? वल्हं उचललं की पात्यावरचं पाणी दांड्यावरून ओघळत मनगटावर येतं, तिथून कोपरापर्यंत जातं, त्याच हाताने आपण घाम पुसतो, बाटलीचं झाकण फिरवतो आणि बाटली तोंडाला लावतो. पाणी प्यायलात ना नदीचं? दांड्यावर रबरी रिंगा लावा, बाटली झाकणवाली आणि नळीची घ्या, ती पण पिशवीत बंद ठेवा, किनाऱ्यावर येईपर्यंत खाणं नको. सॅनिटायझरवर विसंबू नका, नोरोव्हायरस आणि क्रिप्टोवर तो धड चालत नाही, साबण आणि स्वच्छ पाणीच पाहिजे.

जखम असेल तर त्या दिवशी जाऊ नका. वॉटरप्रूफ पट्टी लावून जाणारे बरेच आहेत, पण तिचा कोपरा सुटू शकतो आणि मग आतमधे घाण पाणीच भिजत राहतं, तिच्यावर विसंबू नका. आणि बंद बूट घाला, गाळात काच असते.

बोट उलटली तर तोंड बंद ठेवून वर या, बाहेर आल्यावर पिण्याच्या पाण्याने चूळ भरा, डोळे धुवा, खरचटलं असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली पाच मिनिटं धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवा. 1998 मधे अमेरिकेत स्प्रिंगफील्डला ट्रायथलॉननंतर चौकशीसाठी गाठलेल्या 834 स्पर्धकांपैकी 98 जण आजारी पडले, लेप्टोची साथ होती ती, आणि ज्यांनी तळ्याचं पाणी गिळलं होतं त्यांना धोका जास्त होता.

लहान मुलांना उथळ कडेला खेळू देतात, पण जंतू गाळात बसून राहतात आणि मुलांचे पाय तोच गाळ ढवळतात, शिवाय पोहताना मुलं मोठ्यांच्या दुप्पट पाणी गिळतात. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली तर मुलं आणि कुत्रा दोघांनाही लांब ठेवा, ती विषारी शेवाळाची असू शकते, ते विष उकळूनही जात नाही आणि कुत्रा अंग चाटतो.

जुलाब लागले तर ओआरएस घ्या. ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर जुलाब थांबवायची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका, घरातली उरलेली अँटिबायोटिक तर नाहीच नाही. आणि क्रिप्टो निघाला असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे स्विमिंग पूलमधे उतरू नका, क्लोरीनमधे तो दिवसेंदिवस जिवंत राहतो आणि मग तुमच्यामुळे पूलमधली बाकीची पोरं आजारी पडतात.