जुन्या बेसबॉल कार्डांच्या नादी लागलात? मग या चुका टाळा

‘कोपरे बघा, काय धारदार आहेत!’ असं कौतुकानं कुणी म्हणालं की समजावं, गडी नवा आहे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी सिगारेटच्या पाकिटात कोंबलेला, बेसबॉल खेळाडूचं चित्र असलेला पुठ्ठ्याचा तुकडा पोरांच्या खिशातून, चिकटवहीतून, माळ्यावरच्या डब्यातून प्रवास करत आपल्यापर्यंत आला, आणि त्याचे कोपरे सुरीसारखे? असं कार्ड हाती आलं तर आधी शंका यावी, आनंदाचं नंतर बघू.

या छंदात लोक पडतात ते बहुतेक चित्रांच्या मोहानं, आणि त्यात गैर काही नाही. पण अमेरिकेतल्या जुन्या कार्डांच्या ज्या रचना सगळ्यांच्या आवडत्या आहेत, त्या प्रत्येकीत एक जन्मजात कमकुवत जागा आहे. सिगारेटच्या पाकिटातल्या टी-२०६ची पांढरी चौकट, तशाच टी-२०५ची सोनेरी कड, क्रॅकर जॅक या खाऊबरोबरच्या कार्डांचा लालभडक पट, टॉप्स या च्युइंगगम कंपनीच्या १९५३च्या कार्डांची तळाची रंगीत पट्टी. जे बघून मन भुलतं, बरोबर तिथंच कार्ड झिजतं आणि तिथंच लबाडी होते. ही जागा कुठली हे कळायच्या आत पैसे मोजणं ही पहिली चूक. बाकीच्या बहुतेक तिच्याच पोटातून निघतात.

चौकट बघायची सोडून खेळाडूचं नाव बघणं

टी-२०६ ही मालिका १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेटींबरोबर वाटली गेली. हे नाव कंपनीनं दिलेलं नाही. जेफरसन बर्डिक या संग्राहकानं पुढं आपल्या सूचीत घातलेला तो क्रमांक आहे. ‘टी’ म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, ‘एन’ म्हणजे एकोणिसाव्या शतकातली. पूर्ण संच ५२४ कार्डांचा, म्हणून जुने लोक त्याला ‘मॉन्स्टर’ म्हणतात. कार्ड इवलंसं, १ ७/१६ बाय २ ५/८ इंच, म्हणजे साधारण ३६.५ बाय ६६.७ मिलिमीटर. मध्ये शिळाछपाईचं चित्र, मागं सपाट हिरवा किंवा लाल रंग, नाहीतर संध्याकाळचं नारिंगी आभाळ, खाली तपकिरी शाईत आडनाव आणि संघाचं गाव, आणि भोवती पांढरी चौकट. सारी शोभा त्या चौकटीत आहे. ती चारी बाजूंनी सारखी दिसली की चित्र खुलतं, आणि म्हणूनच ती कापून सारखी करायचा मोह होतो. झिजलेला कोपरा अर्धा मिलिमीटर छाटला की नवा कोरा कोपरा तयार. यालाच ट्रिमिंग म्हणतात.

या प्रकाराची सगळ्यात मोठी गोष्ट याच मालिकेतल्या होनस वॅगनरच्या कार्डाची आहे. हे कार्ड जेमतेम पन्नास-साठच उरलंय. त्यातलं एक इतर सगळ्यांपेक्षा लख्ख होतं. १९९१ साली सदबीजच्या लिलावात आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल या दोघांनी ते ४,५१,००० डॉलरना घेतलं. तेव्हा नव्यानंच सुरू झालेल्या पीएसए या ग्रेडिंग कंपनीनं, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून गुण देणाऱ्या कंपनीनं, ते आपलं पहिलंवहिलं कार्ड म्हणून प्लॅस्टिकच्या स्लॅबमध्ये बंद केलं आणि त्याला दहापैकी ८ ग्रेड दिली. २००७ साली ते २८ लाख डॉलरला गेलं. ‘इतक्या कडा शाबूत कशा?’ अशी कुजबूज जाणकारांत वर्षानुवर्षं होती, पण स्लॅबवर ८चा आकडा असल्यावर ऐकतो कोण? शेवटी २०१३ साली, १९८५मध्ये ते कार्ड विकत घेणारे व्यापारी आणि लिलावदार बिल मॅस्ट्रो यांनी फसवणुकीच्या खटल्यात गुन्हा कबूल केला, आणि त्या कबुलीत हेही आलं की कार्डाच्या कडा त्यांनीच छाटल्या होत्या. या छंदातलं सगळ्यात नावाजलेलं कार्ड कापलेलं निघालं! उलट २०२२ साली कोपरे गोल झालेलं, २ ग्रेडचं एक वॅगनर ७२.५ लाख डॉलरला विकलं गेलं. झिजलेलं, पण न छेडलेलं. ‘दिसायला छान हवं’ म्हणून हट्ट धरणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.

ओळखायचं कसं? नुसती पट्टी लावून नव्हे. इथं अर्धवट शिकलेले दुसऱ्या टोकाची चूक करतात: कार्ड मिलिमीटरभर अरुंद भरलं की ‘कापलेलं आहे’ म्हणून मोकळे. टी-२०६च्या पाठीवर वेगवेगळ्या सिगारेटींच्या जाहिराती आहेत, एकूण १६ ब्रँडच्या. त्यातल्या अमेरिकन ब्यूटीचं पाकीटच अरुंद होतं, म्हणून तिची कार्डं छापखान्यातूनच सुमारे १/१६ इंच कमी रुंदीची निघाली. कार्ड उलटून न बघता निकाल देणारा असं अस्सल कार्ड हातचं घालवतो. माप हा फक्त पहिला इशारा. खरी साक्ष कड देते. कार्ड डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरा, दिवा बाजूनं घ्या आणि १० पट भिंगातून चारही कडा ओळीनं बघा. जुन्या कडेत धूळ मुरलेली असते, तंतू दबलेले असतात, रंग पाठीच्या कागदाशी जुळतो. नवी काप फटफटीत दिसते, पात्याची रेघ सलग जाते, आणि कोपऱ्याशी हात जरा वळला असेल तर कड आकड्यासारखी बाहेर येते. तीन कडा पिवळट आणि एकच गोरी असेल तर तिथंच थांबा. शेजारी ठेवायला त्याच मालिकेची पाच-सहा स्वस्त, फाटकी पण खरी कार्डं जवळ असावीत. पीडमॉन्ट किंवा स्वीट कॅपोरल पाठीची सगळ्यात सहज मिळतात. अशी कार्डं आधी घ्या, महिनाभर नुसती बघा, मग पुढचं. नवख्यांना एवढा धीर नसतो. त्यांना पहिल्याच आठवड्यात टाय कॉबसारखा बडा खेळाडू हवा असतो.

ठिपके दिसले की ‘नकली’ म्हणणं

दुसरी लाडकी चूक भिंगाचीच. कुणीतरी सांगितलेलं असतं की नकली कार्डात ठिपके दिसतात. मग अस्सल टी-२०६ भिंगाखाली धरायचं, गालावर ठिपके दिसले की परत करायचं. अहो, शिळाछपाईत ठिपके असतातच. रविवर्मा छापखान्यातली देवादिकांची चित्रं कुणी भिंगातून पाहिली असतील तर त्यांना हे सांगावं लागणार नाही. तिथंही प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, आणि चेहऱ्याची छटा ठिपक्यांनीच आणलेली. प्रश्न ठिपके आहेत का हा नाही, ते कसे आहेत आणि कुठे आहेत हा आहे. जुन्या कामात ते कमी-जास्त आकाराचे, जरा बेशिस्त असतात. आजच्या ऑफसेटच्या छपाईत ते जाळीसारखे, ओळीत, चार रंगांची फुलं करून बसतात.

म्हणून चेहरा सोडा, नाव बघा. टी-२०६च्या तळाचं आडनाव एकाच तपकिरी शाईनं छापलंय. भिंगाखाली अक्षर भरीव दिसलं पाहिजे, कडेला शाई किंचित पसरलेली चालेल. अक्षरच ठिपक्यांचं बनलेलं असेल तर ते कार्डाच्या फोटोवरून छापलेलं आहे, विषय संपला. या परीक्षेला अर्धा मिनिट लागतं, तरी लोक ती करत नाहीत आणि चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुनी’ केलेली रीप्रिंटं हौसेनं घेतात. चहाचा डाग सगळीकडे सारखा बसतो. खरा कागद असा एकसारखा कधीच पिवळा पडत नाही.

जांभळा अतिनील दिवाही जवळ असावा. अंधारात कार्ड निळसर पांढरं चमकलं तर कागदात उजळपणा आणणारं रसायन आहे, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या कागदात ते नसतं. मात्र चमकलं नाही म्हणजे अस्सल असं उलटं गणित मांडू नका. जुन्या पुस्तकांचे कोरे कागद वापरणारे महाभागही आहेत.

एक बारीक गोष्ट ‘मॅगी’ची. फिलाडेल्फियाच्या शेरी मॅगीच्या आडनावात शेवटून दुसरं अक्षर ‘ई’ हवं तिथं चुकून ‘आय’ छापलं गेलं, मग ते सुधारलं. चुकलेलं कार्ड अतिदुर्मिळ, म्हणून साध्या कार्डातला ‘ई’ खरवडून ‘आय’ करणारे निघाले. अक्षराशी झटापट करण्याआधी कार्ड पालथं करा. खरी चूक फक्त पीडमॉन्टच्या ‘१५० सब्जेक्ट्स’ लिहिलेल्या पाठीवर सापडते. पाठ दुसरी असेल तर भिंग काढायचीही गरज नाही.

टॉप्स १९५२ आणि मोजपट्टीचा विसर

साय बर्गर आणि वुडी गेलमन यांनी आखलेली ही रचना: मोठं रंगीत चित्र, संघाचं चिन्ह, खाली नावाच्या चौकटीत खेळाडूची सही. ४०७ कार्डं. मिकी मॅन्टलचं ३११ क्रमांकाचं कार्ड २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेल्यापासून सगळ्यांना ते आजोबांच्या ट्रंकेत सापडतंय. १९८३ साली टॉप्सनंच हा संच पुन्हा छापला, ४०२ कार्डांचा, पण आजच्या आकारात. मूळ कार्ड २ ५/८ बाय ३ ३/४ इंच, पुनर्मुद्रण अडीच बाय साडेतीन. पट्टी लावा. एवढंच. मागचा पुनर्मुद्रणाचा उल्लेख खरवडलेला असू शकतो, आकार कुणाला खरवडता येत नाही. शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी वाचवते तिथं लोक महागडी ॲप वापरतात!

बाकीच्या, थोडक्यात

क्रॅकर जॅक १९१४ आणि १९१५ एकच समजणं. लाल पट तोच, पण १९१४ची १४४, १९१५ची १७६. कार्ड पुस्तकाच्या पानासारखं पालटा: पाठीवरचा मजकूर चित्राच्या मानानं उलटा असेल तर १९१५. आदल्या वर्षी कार्ड फक्त खाऊच्या डब्यात यायचं, म्हणून पाकाचे डाग असतात. ते घालवायला जाऊ नका. १९१५ला कूपनं पाठवून पूर्ण संच टपालानं मागवता येई, म्हणून त्या वर्षीची कार्डं स्वच्छ सापडतात.

टी-२०५च्या सोनेरी कडा टवके उडाल्याशिवाय राहत नाहीत. अखंड सोनं दिसलं की भिंगातून बघा, सोनेरी पेनाचा थर तंतूंवर चढलेला दिसतो. १९५३च्या टॉप्सला तळाच्या कोपऱ्यातली लाल किंवा काळी नावपट्टी थेट कडेपर्यंत जाते, तिथं मार्करचा हात फिरवलेला असतो. मार्करची शाई कडेवरून पाठीकडे झिरपते, छापलेली झिरपत नाही.

उन्हात विटलेलं टी-२०६ ‘लाल रंग छापायचा राहिला’ म्हणून विकलं जातं. पाठीची शाईही फिकी असेल तर तो उन्हाचा प्रताप.

गाउडी या च्युइंगगम कंपनीच्या १९३३च्या संचात १०६ क्रमांक नाही म्हणून संच टाकून देऊ नका. तो नॅप लाझोय या खेळाडूचा, १९३४मध्ये छापून तक्रार करणाऱ्यांना टपालानं पाठवला होता. तो सोडून २३९ जमवा आणि झोपा शांत.

टी-२०२ हे तीन भागांचं, घडीचं कार्ड. मधलं काळं-पांढरं चित्र, दोन्ही बाजूंना रंगीत खेळाडू. घडी ढिली झाली म्हणून बाजूचे तुकडे वेगळे करणाऱ्यांना काय म्हणावं!

ओल्ड जज या सिगारेटची १८८६ ते १८९०ची कार्डं म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेले खरे फोटो. नीट बघितलं तर ‘झेल’ घेणाऱ्या खेळाडूसमोरचा चेंडू दोरीनं टांगलेला दिसतो, मागं रंगवलेला पडदा. फारच गोड प्रकार. पण फोटो उजेडानं विटतो. भिंतीवर लावायचं असेल तर नक्कल लावा.

‘जरा साफ करू’ हा रोग

खोडरबर, बोटाला थुंकी, इस्त्री. तिन्ही बंद. खोडरबरानं वरची चकाकी जाते आणि तिरप्या उजेडात तो पट्टा जन्मभर दिसतो. इस्त्रीनं सुरकुती दबते, तंतू मोडलेलेच राहतात, आणि पावसाळ्यात सुरकुती परत वर येते.

चिकटवहीच्या पानाला चिकटलेलं टी-२०६ सोडवायचंच असेल तर ओढू नका. पानाचा तेवढा तुकडा कापून घ्या आणि कार्डासकट डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, साध्या तापमानाच्या. गरम पाणी नको. अर्धा तास ते दोन तास, डिंक सुटला की कागद आपोआप तरंगतो. नखानं उकलायची घाई केली की पाठीवरची जाहिरात कागदाबरोबर निघून येते. मग टिपकागदाच्या दोन घड्यांत ठेवून वर जाड पुस्तक. पहिल्या तासात टिपकागद एकदा बदला, पुढं रोज, तीन दिवस. वापरायचं ते फक्त पाणी, आणि ते फक्त शिळाछपाईच्या पांढऱ्या चौकटीच्या कार्डांना. ओल्ड जज पाण्यात गेलं तर फोटो पुठ्ठ्यापासून सुटतो. सोनेरी टी-२०५ तर पाण्याजवळही नेऊ नका.

ठेवण्याबद्दल दोन गोष्टी. स्टेशनरीच्या दुकानातली वास येणारी मऊ पीव्हीसी पाकिटं नकोत, त्यातलं तेलकट रसायन शाईला चिकटतं. पॉलिप्रॉपिलीनची पातळ पिशवी, तिच्यावर अर्धकडक होल्डर. चार स्क्रूंचे जुने ॲक्रिलिक होल्डर तर कार्ड इतकं दाबतात की ते पसरून मापात मोठं भरतं आणि ग्रेडिंगवाले परत पाठवतात. न्यू जर्सीहून येताना कुणी एखादं गाउडी मुंबई-पुण्याला आणलं असेल तर जून ते सप्टेंबर ते हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. डबा बंद करायचा तो कोरड्या दिवशी. पुड्या महिन्यातून एकदा बदलायच्या किंवा वाळवून परत ठेवायच्या, आणि कपाट बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला टेकलेलं नको.