डग्ग्याचा घुमारा खोलीत गुरगुरत असेल तर : माझा अनुभव

घरी स्पीकरवर गाणे लावले आणि तबल्याची साथ सुरू झाली की डग्ग्याचा प्रत्येक घुमारा एकमेकांत मिसळून खोलीभर गुरगुरत राही आणि त्याखाली गायकाचा खर्ज बुडून जाई. वायर बदलली, अधिक शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर आणला, बेस (खालच्या स्वरांचा जोर) कमी केला. शेवटच्या उपायाने तर तबलाच पोकळ वाटू लागला. वर्षभर मी अक्षरशः हताश होतो.

दोष खोलीत होता. ४.३ मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४० आणि ८० हर्ट्झचे खोल स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अनुनादित होतात, म्हणजे घुमून वाढतात, आणि त्यांचा दाब भिंतीलगत सर्वाधिक असतो. माझा सोफा नेमका मागच्या भिंतीला टेकलेला होता.

प्रथम सोफा भिंतीपासून १.३ मीटर पुढे घेतला, आणि निम्मा त्रास तेथेच संपला. मग भिंतीपासून जेमतेम १५ सेंटिमीटरवर असलेले स्पीकर ७० सेंटिमीटर पुढे आणून एकमेकांपासून २.४ मीटरवर, ट्वीटर (स्पीकरमधला उंच स्वरांचा छोटा भाग) कानाच्या उंचीवर येतील असे ठेवले. शेवटी, तीच बंदिश पुन्हापुन्हा लावून, डग्ग्याचा प्रत्येक आघात सुटा ऐकू येईपर्यंत सोफा पाच-पाच सेंटिमीटरने सरकवला. बेसचे बटण आता मध्यावरच आहे.