खरिपात शेतातील कुत्र्याला विषबाधा किंवा दंश झाल्यास: पहिल्या अर्ध्या तासाचा सल्ला

मृगाचा पाऊस पडून पेरण्या उरकल्या की शेतात राखणीला असलेल्या कुत्र्यासाठी वर्षातील सर्वांत धोक्याचे चार महिने सुरू होतात. सोयाबीनच्या बांधावर गोगलगायींसाठी गोळ्या टाकलेल्या असतात, मक्याच्या पोंग्यात लष्करी अळीसाठी गुळाचे आमिष भरलेले असते, गोठ्यामागे उंदरांसाठी विषारी वड्या ठेवलेल्या असतात आणि बिळांत पाणी शिरल्यामुळे साप कडब्याच्या गंजीकडे व वस्तीकडे सरकलेले असतात. या प्रत्येक ठिकाणी माणसाच्या आधी कुत्रा पोहोचतो, कारण तेच त्याचे काम आहे. सकाळी धडधाकट असलेला कुत्रा दुपारी तोंडाला फेस येऊन पडलेला दिसतो, घरची माणसे घाबरून दूध, तूप, ताक, मिठाचे पाणी असे हाती येईल ते त्याच्या तोंडात ओततात आणि वाचू शकला असता असा प्राणी त्या ओतण्यानेच हातचा जातो. हा सल्ला मुख्यतः ती एक चूक टाळण्यासाठी लिहीत आहे.

कुत्रा अचानक लटपटू लागला, लाळ गाळू लागला किंवा आडवा झाला, तर आधी त्याच्या तोंडाकडे नव्हे, आजूबाजूला पाहावे. उघडे पाकीट, सांडलेली पावडर, कुरतडलेली वडी, फवारणीचे पाणी कालवलेला ड्रम, ओकारीत पडलेले गोळ्यांचे तुकडे, यांपैकी जे सापडेल ते पिशवीत घालून सोबत घ्यावे. कीटकनाशकाच्या वेष्टनावर घटक द्रव्याचे नाव, विषारीपणा दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण आणि वेष्टनावर किंवा आतील माहितीपत्रकात उताऱ्याची माहिती छापलेली असते. पशुवैद्यकाच्या दृष्टीने ते पाकीट म्हणजे निम्मे निदान असते. कुत्रा शेवटचा नीट कधी दिसला, पहिले लक्षण किती वाजता आले आणि त्याचे वजन अंदाजे किती, या तीन गोष्टी फोनवर सांगता आल्या तर औषधाची मात्रा ठरवण्यात वेळ जात नाही.

तोंडातून काहीही का पाजू नये, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण गावात प्रत्येक जण वेगळा उपाय सांगतो आणि प्रत्येकाचा हेतू चांगलाच असतो. विषाने किंवा झटक्यांनी ग्रासलेल्या कुत्र्याची गिळण्याची क्रिया बिघडलेली असते. अशा वेळी पाजलेले दूध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते, आणि विषातून बचावलेला कुत्रा दोन-तीन दिवसांनी न्यूमोनियाने दगावू शकतो. तूप, तेल व साईचे दूध यांमुळे स्निग्ध पदार्थांत विरघळणारे विष पोटातून रक्तात अधिक लवकर शोषले जाते. ओकारी व्हावी म्हणून पाजलेल्या मिठाच्या पाण्याने रक्तातील सोडियम वाढून मेंदूवर परिणाम होतो, म्हणजे एका विषावर दुसरे चढते. ज्या कीटकनाशकाच्या नावापुढे ‘ईसी’ ही अक्षरे असतात, त्यात बहुधा खनिज तेलाच्या जातीचे द्रावक असते. असे द्रावण ओकारीबरोबर वर येताना फुप्फुसात गेले तर पोटापेक्षा मोठे नुकसान तिथे होते. म्हणून ओकारी काढायची की नाही, हा निर्णय पशुवैद्यकाचाच असावा. विष शोषून घेण्यासाठी दवाखान्यात जो कोळसा देतात, तो खास प्रक्रिया केलेला सक्रिय कोळसा असतो. चुलीतील कोळसा उगाळून पाजल्याने ते काम होत नाही.

फवारणीच्या दिवसांत सर्वाधिक लक्षात ठेवण्याजोगी विषबाधा क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, प्रोफेनोफॉस अशा सेंद्रिय फॉस्फरसयुक्त आणि मिथोमिल, कार्बोफ्युरान, थायोडीकार्ब अशा कार्बामेट गटातील औषधांची आहे. कुत्रा प्यायलाच पाहिजे असे नाही. ओल्या कपाशीतून चालून आल्यावर पाय व अंग चाटले तरी विष पोटात जाते. लाळेची न तुटणारी तार लोंबत असते, डोळ्यांतून पाणी वाहते, लघवी व पातळ शौच आपोआप होते, खांद्याच्या व मांडीच्या कातडीखाली स्नायू पाण्यावर बारीक पाऊस पडावा तसे थरथरताना दिसतात. कुत्र्याला सावलीत घेऊन डोळ्यांत पाहिल्यास एरवी अंधारात मोठी होणारी बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी आक्रसलेली दिसते. हे चित्र दिसले तर ते फोनवर जसेच्या तसे सांगावे, कारण या विषावर ॲट्रोपिनचे इंजेक्शन हा खरा उतारा आहे, आणि सेंद्रिय फॉस्फरसच्या विषबाधेत लवकर दिल्यास प्रॅलिडॉक्सिमचाही उपयोग होतो. अंगावर औषध सांडलेले असल्यास, कुत्रा शुद्धीवर असेल व त्याला झटके येत नसतील तर, निघण्यापूर्वी साबण व भरपूर साध्या पाण्याने त्याला धुवावे. गरम पाण्याने कातडीतील रक्तपुरवठा वाढून शोषण वाढते. धुणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत, नसल्यास हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवाव्यात. हेच विष माणसाच्या कातडीतूनही शिरते, आणि २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने जी माणसे गेली, ती आठवली तर हा आग्रह अनाठायी वाटणार नाही.

गोगलगायींच्या गोळ्यांविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. २०२२ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात शंखी गोगलगायींनी कोवळे सोयाबीन फस्त केले आणि तेव्हापासून मेटाल्डिहाईडच्या गोळ्या अनेक घरांत पोहोचल्या. गोगलगायींनी खावे म्हणून त्यांत घातलेला भुसा व गोडवा कुत्र्यालाही आवडतो, आणि तो एका जागी पडलेला ढीग चाटून संपवतो. साधारण एक ते तीन तासांत कुत्रा अस्वस्थ होतो, अंग कापू लागते, आवाजाने किंवा स्पर्शाने दचकून झटके येतात आणि सततच्या थरथरीमुळे ताप इतका वाढतो की अंगाला हात लावला तरी भाजल्यासारखे वाटते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. या विषबाधेत ते १०६ च्या पुढे जाऊ शकते. याला नेमका उतारा नाही, पण झटके थांबवणारी औषधे व सलाईन वेळेत मिळाल्यास कुत्रे वाचतात. वाटेत अंग साध्या पाण्याने ओले ठेवावे, वारा लागू द्यावा, गाडीत अंधार व शांतता राखावी. या गोळ्या ढिगाने न टाकता विरळ पसराव्यात आणि उरलेली पिशवी जमिनीवर न ठेवता कुलपाच्या पेटीत ठेवावी. लष्करी अळीच्या आमिषासाठी तांदळाचा भुसा व गूळ रात्रभर आंबवत ठेवतात आणि मग त्यात थायोडीकार्ब मिसळतात, तेव्हा त्या घमेल्यावर झाकण व झाकणावर दगड हवाच, कारण आंबलेल्या गुळाच्या वासाने कुत्रा दूरवरून येतो.

उंदरांच्या विषाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे वागणे अगदी उलट आहे. झिंक फॉस्फाईडची काळसर पावडर ९६ भाग भरड धान्य, २ भाग तेल व २ भाग पावडर या प्रमाणात कालवून आमिष करतात. पोटातील आम्लाशी तिचा संयोग होऊन फॉस्फीन वायू तयार होतो आणि लक्षणे बहुधा काही मिनिटांपासून चार तासांत दिसतात. भाकरी किंवा दूध दिल्यास पोटात आम्ल वाढून वायूही वाढतो, म्हणून येथे खाऊ घालणे विशेष घातक आहे. ओकारीला लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येतो. तो वास हुंगत बसू नये, कुत्र्याला मोकळ्या हवेत ठेवावे आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात. याउलट ब्रोमॅडिओलोनची वडी खाल्लेला कुत्रा तीन ते पाच दिवस अगदी ठणठणीत दिसतो, घरचे निश्चिंत होतात, आणि मग हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून किंवा शौचातून रक्त येते, छातीत रक्त साठून धाप लागते. वडी खाताना पाहिले असेल तर लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. त्यावर जीवनसत्त्व के-१ हा उत्तम उतारा आहे, परंतु तो सुमारे चार आठवडे द्यावा लागतो. कुत्रा खेळू लागला म्हणून आठव्या दिवशी गोळ्या बंद केल्यास रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत.

फळबागेत खत म्हणून घातलेली एरंडीची पेंड कुत्रे आवडीने उकरून खातात आणि त्यातील रिसिनमुळे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी रक्ती हगवण लागते. पेंड मातीआड करून त्या वाफ्याला काही दिवस काटेरी फांद्या लावाव्यात. गोचिडांसाठी गुरांच्या अंगावर लावायचे औषध अंदाजाने कुत्र्यावर ओतणे, किंवा गुरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिन त्याला टोचणे, हेही विषबाधेचे कारण ठरते.

सर्पदंशाचे बहुतेक घाव कुत्र्याच्या थोबाडावर किंवा पुढच्या पायावर सापडतात, कारण तो सापाला सामोरा जातो. घोणस चावल्यास काही मिनिटांत थोबाड सुजून एक डोळा बंद होतो, दाताच्या खुणांतून पातळ रक्त झिरपत राहते आणि पुढे लघवी लाल होते. कोकणात फुरशाचा दंशही रक्त असेच पातळ करतो. नागाच्या दंशात सुजेबरोबर पापण्या जड होतात, भुंकण्याचा आवाज बदलतो, मागचे पाय लुळे पडतात व शेवटी श्वास मंदावतो. मण्यार रात्री चावते आणि बहुधा सूजही ठेवत नाही. संध्याकाळी बरा असलेला कुत्रा पहाटे मान न उचलता पडलेला आढळला, तर केवळ जखम दिसत नाही म्हणून सर्पदंश नाकारू नये. भारतात मिळणारी बहुसंयोजी प्रतिसर्पविष लस या चारही सापांवर चालते व तीच कुत्र्यालाही देतात, त्यामुळे सापाला शोधत, मारत बसण्यात वेळ घालवण्याची गरज नाही. दोरीने घट्ट आवळू नये, चीर देऊ नये, विष चोखू नये, कोंबडी लावू नये, बर्फ चोळू नये. थोबाड सुजत असल्यास गळ्याचा पट्टा लगेच काढावा. सूज मानेपर्यंत उतरली की तोच पट्टा फास होतो. कुत्र्याला चालवू नये. गोणपाट किंवा घोंगडीची झोळी करून दोघांनी उचलावे, कुशीवर निजवावे, मान लांब व तोंड किंचित खाली ठेवावे म्हणजे लाळ घशात साचत नाही. ओकारी होत असताना किंवा धाप लागली असताना तोंड बांधू नये.

आता ज्या प्रसंगात कुत्र्यापेक्षा माणसाचा जीव अधिक धोक्यात असतो, त्याविषयी. पिसाळण्याच्या रोगात कुत्र्याचा जबडा लुळा पडून लाळ गळते, त्याला गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो; पाहणाऱ्याला वाटते की घशात हाड अडकले आहे किंवा विष खाल्ले आहे, आणि मायेपोटी तो तोंडात हात घालतो. कुत्र्याला लस टोचलेली नसेल, मागील काही आठवड्यांत कोल्हा किंवा अनोळखी कुत्रा चावला असेल, स्वभाव अचानक बदलला असेल, तर त्याच्या तोंडाला मुळीच हात लावू नये. त्याला एका जागी बंद करून पशुवैद्यकाला तिथेच बोलवावे. लाळ जखमेला लागली किंवा चावा बसला, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करावी. हळद, चुना, मिरची जखमेवर भरू नये. आपल्या कुत्र्याला पिसाळलेला प्राणी चावला असल्यास त्याची जखमही हातमोजे घालून अशीच धुवावी. दंशानंतरची लस साधारणतः ०, ३, ७, १४ व २८ व्या दिवशी देतात, आणि पूर्वी लस दिलेली असली तरी पशुवैद्यकाला दाखवणे टाळू नये.

ही सर्व धावपळ रात्री दहा वाजता, पावसात, रस्त्याला चिखल असताना करावी लागते, हे गृहीत धरून तयारी आजच करावी. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा निःशुल्क क्रमांक आणि जवळच्या दवाखान्यातील पशुधन विकास अधिकाऱ्यांचा क्रमांक गोठ्याच्या दारावर खडूने नव्हे, रंगाने लिहून ठेवावा. प्रतिसर्पविष लस प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात असेलच असे नाही. तालुक्याच्या कोणत्या औषध दुकानात ती व ॲट्रोपिन मिळते, याची पेरणीच्या आधीच चौकशी करावी. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत प्राण्यांचे रुग्णालय आहे. जवळपासच्या शेतकऱ्यांनी तेथील वेळा विचारून ठेवाव्यात. ६ जुलैला प्राणिजन्य आजार दिनानिमित्त अनेक पशुवैद्यकीय दवाखान्यांत पिसाळण्याच्या रोगाची लस मोफत टोचतात, तेव्हा वस्तीवरील सर्व कुत्री, तीन महिने पूर्ण झालेल्या पिलांसह, घेऊन जावीत. फवारणीच्या दिवशी कुत्र्याला सकाळीच पोटभर खाऊ-पिऊ घालून गोठ्यात बांधावे आणि फवारलेले रान वाळेपर्यंत सोडू नये.